गेम खेळणारी पोरं गावोगावी. गेम बनवणारं व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

शेंद्रा (छत्रपती संभाजीनगर) : शेंद्रा एमआयडीसी आणि ऑरिकमुळे या भागातल्या मुलांना आयटीआय, डिप्लोमा करून कंपनीत लागायचं, हा रस्ता चांगला माहीत आहे. आता दहावी-बारावीची काही मुलं घरी वेगळंच सांगतात, ‘मला गेम डिझायनर व्हायचंय.’ घरचे म्हणतात, दिवसभर मोबाइल खेळायचं निमित्त आहे. दोघांनाही उपयोगी पडेल अशी ही माहिती.

गेम डिझायनर नेमकं काय करतो?
चित्र काढतो तो आर्टिस्ट, कोड लिहितो तो प्रोग्रामर. डिझायनर खेळाचे नियम ठरवतो. लेव्हल किती अवघड ठेवायची, बक्षीस कधी द्यायचं, हरलेल्याला पुन्हा खेळावंसं का वाटेल, हे त्याचं काम. छोट्या कंपनीत एकाच माणसाला दोन-तीन कामं करावी लागतात. त्यामुळे डिझाइनसोबत कोडिंग किंवा थ्रीडी यापैकी एक तरी यायला हवं. गेममधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरच्या जागेवरून शिरकाव करून पुढे डिझायनर झालेलेही या क्षेत्रात आहेत.

पहिला गेम कागदावर
कॉम्प्युटर नसेल तरी अडत नाही. सारीपाट किंवा लुडोचा एकच नियम बदलायचा आणि चार मित्रांना खेळायला बसवायचं. कुठे कंटाळले, कुठे भांडले, ते वहीत लिहायचं आणि नियम पुन्हा बदलायचा. हा धंदा इथूनच शिकतात. विषयही गावातलाच घ्यावा. मांगीरबाबाच्या यात्रेतल्या गर्दीतून वाट काढायची, एवढ्यावरही छोटा गेम होतो.

फुकट मिळणारी साधनं
गोडो हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं आणि त्याची अँड्रॉइड आवृत्तीही आहे. थ्रीडीसाठी ब्लेंडर आणि चित्रांसाठी क्रिटा मोफत आहे. युनिटी आणि अनरियल शिकण्यासाठी पैसे लागत नाहीत, पण अनरियलला दणकट मशीन हवी. तयार गेम ‘इच डॉट आयओ’वर विनाशुल्क टाकता येतो. गुगल प्लेवर एकदाच 25 डॉलर भरावे लागतात. नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. एवढे मित्र गावात मिळतातच.

शिक्षण कुठे?
बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला यूसीड परीक्षा देता येते. आयआयटी मुंबई ती घेते आणि त्यातून डिझाइन पदवीला प्रवेश मिळतो. पदवीनंतर एनआयडीच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. मुंबईत 2025 मध्ये आयआयसीटी ही संस्था सुरू झाली. खासगी संस्थांची फी लाखांत जाते. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : जुन्या विद्यार्थ्यांनी बनवलेले गेम दाखवा, ते आज कुठे कामाला आहेत सांगा, शिकवणाऱ्याने स्वतः कोणता गेम बाजारात आणला? उत्तरं टाळली तर शेती गहाण टाकून प्रवेश घेऊ नये.

पुण्यातलं उदाहरण
पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवरचा गेम बनवला. 2017 मध्ये लोकांकडून ऑनलाइन पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी काम थांबलं नाही. 2020 मध्ये गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. नवी मुंबईच्या गेमेशनने 2016 मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ तर घराघरात गेला. खेळ जुनाच, मांडणी नवी.

धोके आणि दुसरा रस्ता
ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे. ‘खेळा आणि कमवा’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. गेम खेळणं आणि गेम बनवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही घरात स्पष्ट बोलावं.

नोकऱ्या मुख्यतः पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबादला आहेत आणि पहिली संधी मिळायला वेळ लागतो. म्हणून पदवी किंवा डिप्लोमा सोडू नये. शिकलेलं वाया जात नाही. युनिटी, अनरियल आणि थ्रीडी कारखान्यातल्या प्रशिक्षणासाठी, वाहनांच्या डिझाइनसाठीही वापरतात.

मुलाखतीत सर्टिफिकेटच्या आधी केलेलं काम बघतात. वर्षभरात तीन छोटे, पण पूर्ण झालेले गेम हातात असावेत. अर्धवट सोडलेल्या मोठ्या गेमपेक्षा पाच मिनिटांचा, नीट चालणारा गेम जास्त बोलतो. पालकांनीही तोच हिशोब धरावा : पोरगं सहा महिन्यांत एक गेम पूर्ण करून दाखवत असेल, तर पुढच्या फीचा विचार करायला हरकत नाही.