चिठ्ठीतला पक्षी, माळावरचा पक्षी

पाठचिकित्सा शिकविताना आम्ही बनावट पोथ्यांचे दाखले देतो. रानपिंगळ्याची कथा त्याच कपाटात ठेवावी अशी आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८७३ मध्ये या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसनने १८८०च्या दशकात खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी दिसेनासाच झाला. संग्रहालयांतून उरले अवघे सात नमुने. त्यांपैकी एकाची चिठ्ठी सांगत होती : मांडवी, गुजरात, १९१४, संग्राहक, रिचर्ड माइनर्ट्झहागेन. या चिठ्ठीवर विसंबून झालेले शोध रित्या हातांनी परतले. पुढे पामेला रासमुसेन यांनी दाखवून दिले, की तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा भुसा भरून त्यावर नवा मजकूर डकवलेला! खोटी चिठ्ठी बाजूला सारून १९९७च्या नोव्हेंबरात त्या सहकाऱ्यांसह खानदेशात आल्या आणि शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. नंतर तो मेळघाटात, तानसा परिसरातही आढळला. २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर्गात आला. सागाची पानगळी जंगले तुटतच आहेत, हे मात्र त्या पायरीवरून कळत नाही.

माळढोकाचे नेमके उलट. त्याला कोणी हरवलेला मानले नव्हते. सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून त्याचा पुरस्कार केला होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. सोलापुरात नान्नजच्या माळासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले. परंतु आपल्या महसुली भाषेत गवताळ माळ म्हणजे 'पडीक' जमीन. आमच्या मते या एका शब्दाने बंदुकीइतकीच हानी केली आहे, कारण पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे, नांगर घालणे हे पुण्यकर्मच ठरते. २०११ पासून माळढोक 'अतिसंकटग्रस्त' आहे. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात. जड देहाच्या या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळतो. मादी बहुधा एकच अंडे घालते, म्हणून एकेका मृत्यूची भरपाई होण्यास काळ लागतो. तारा सरसकट जमिनीखाली नेण्याचा २०२१चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. जैसलमेर जिल्ह्यातील प्रजनन केंद्रात दरम्यान अंडी उबवली जात आहेत. तेथील पिलांना सोडण्यासाठी माळ लागणार आहे.