दाराला कोणता रंग द्यायचा?

नारळी पौर्णिमा जवळ आली की मढच्या कोळीवाड्यात ऑइलपेंटचा वास पसरतो. पावसाळ्यातील मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. फळ्या बदलल्या, फटी बुजवल्या की शेवटी त्यांच्यावर रंगाचे दोन हात चढतात. घरोघरची दारेही बहुधा याच दिवसांत रंगवली जातात. होडी आणि दार एकाच सुमारास नवी दिसू लागतात, हा योगायोग नाही. आपल्या किनाऱ्यावर दाराच्या रंगाचा इतिहास होडीकडूनच सुरू होतो.

मुंबईकर मढला ओळखतो तो किल्ल्यामुळे. पोर्तुगिजांनी बांधलेला हा किल्ला १७३९ साली मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. जवळच एरंगळला संत बोनाव्हेंचरचे सोळाव्या शतकातील चर्च आहे. जानेवारीत तिथे सण भरतो, तेव्हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि हिंदू कोळी एकाच वाळूवर जमतात. या जुन्या वास्तूंकडे पाहिले की त्या काळच्या रंगांचा अंदाज येतो. तिथे दिसतात ते दोनच रंग, दगडाचा आणि चुन्याचा. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करत, त्यामुळे पांढरा रंग हाताशी होता. बाकीचे रंग विकत आणावे लागत.

साध्या घराला तर रंगवण्याजोगे दारच नसे. कारवीच्या कुडाला झावळ्यांचा झाप लावला की झाले. ज्याची ऐपत असे तो सागाचे किंवा फणसाचे दार करी, पण त्याला रंग देत नसे, तेल देई. खारा वारा लाकडातला ओलावा कधी शोषतो, कधी वाढवतो, आणि दार तडकते किंवा फुगते. होडीच्या लाकडाचेही तेच. म्हणून मुशीसारख्या माशांच्या यकृताचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल, राळ, चुना हे सगळे होडीसाठी वापरले जाई. त्यातले तेल दारालाही चाले. अशा दाराचा रंग काळपट तपकिरी होत जाई. तो कोणी निवडलेला नसे, तेलाने आणि उन्हाने आणलेला असे.

निवड करता येईल असा रंग आला तो डब्यातून. १९२० साली लोअर परळला गहागन पेंट्स ही कंपनी निघाली, तीच पुढे नेरोलॅक झाली. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, चार मित्रांनी मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. हाती ब्रश आणि डबा घेतलेला तिचा 'गट्टू' आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला. रंग ही सामान्य माणसाने दुकानातून आणायची वस्तू आहे, हे त्या खट्याळ पोराने घरोघरी पोचवले. त्याआधी रंग म्हटला की जहाजे, रेल्वे आणि सरकारी इमारतीच आठवत.

कोळीवाड्यात मात्र डबा येई तो होडीच्या नावाने. होडीला रंग देणे ही चैन नव्हती, लाकूड वाचवण्याचा तो खर्च होता. डब्यात उरेल तो रंग दाराला, खिडकीला आणि कधी पाण्याच्या पिंपालाही लागे. आमच्या घरचे दार अनेक वर्षे हिरवे होते, ते एवढ्याचसाठी. आजीला हिरवा आवडतो अशी आम्हा मुलांची समजूत होती. पुढे होडीचा रंग बदलला तसे दारही निळे झाले, आणि आजीची आवड नेमकी कोणती हे कोणी तिला विचारलेच नाही. दाराचा रंग पाहून घराची होडी ओळखावी आणि होडी पाहून घर, असे कोळीवाड्यात सहज होई.

या चमकदार रंगांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑइलपेंटमधला गडद पिवळा बहुधा क्रोम पिवळा असे, म्हणजे शिशाचे संयुग. त्यात निळा मिसळून हिरवा बनवत, म्हणून हिरव्यातही शिसे येई. लोखंडावर अस्तर म्हणून देत तो लाल रंगही शिशाचाच. आपल्या परिचयाचा शेंदूरही परंपरेने त्याच जातीचा. शिशामुळे रंग टिकाऊ होई आणि लवकर वाळे. पण रंगाची पूड लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मूल दाराला धरून उभे राहायला शिकते, हात तोंडात घालते, आणि उंबरठ्यापाशी पडलेले टवके उचलते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर अजून कितीतरी दारांवर आहेत.

होडी आणि दार यांचे नाते सैल झाले ते एका वेगळ्याच कारणाने. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अतिरेक्यांनी पोरबंदरच्या 'कुबेर' या मासेमारी नौकेचा ताबा घेतला आणि तिच्यातून ते मुंबईजवळ आले. ते उतरले तेही कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी. त्यानंतर समुद्रातली होडी कोणत्या राज्याची हे लांबून कळावे म्हणून केंद्र सरकारने किनारी राज्यांना होड्यांसाठी ठरावीक रंग वापरण्यास सांगितले. 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही होडीवर ठळक लागतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण एका घराने पिढ्यान्पिढ्या चालवलेला रंग होडीवर ठेवण्याची मोकळीक त्यामुळे कमी झाली. वसाहत सोडून इमारतीत राहायला गेलेल्यांच्या दाराचा बाहेरचा रंग अनेकदा सोसायटी ठरवते. मढचे जे बंगले मालिकांच्या आणि चित्रपटांच्या चित्रीकरणाला भाड्याने जातात, त्यांच्या दाराचा रंग तर कथानकाप्रमाणे बदलतो. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या दाराचा रंग तेवढा अजून घरातल्या माणसांच्या हाती आहे.

आणि आता निवडायला रंगही भरपूर आहेत. नव्वदच्या दशकात रंग मिसळून देणारी यंत्रे दुकानांत येऊ लागली आणि छटांची पुस्तिका जाड झाली. यंदा आमच्या घरात थोरल्यांना हिरवा हवा होता, मुलांना करडा. दोन्ही बाजूंनी 'आपल्याकडे शोभतो' एवढेच कारण दिले. होडीची गरज संपल्यावर आवडीला कारण सापडणे अवघड जाते. आम्ही सुनेला विचारले, कारण दिवसभर दार उघडते-मिटते ती. तिने निळा सांगितला. पश्चिमेच्या उन्हात फार गडद छटेचे लाकूड तापते, म्हणून जरा फिका.

जुने दार रंगवायला काढाल तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. रंग घट्ट बसलेला असेल तर तो मुळापर्यंत खरवडू नये, वरून हलका घासून नवा हात द्यावा. घासायचेच तर कोरडे घासू नये, पाणकागदाने ओले घासावे, मुलांना दूर ठेवावे आणि खालचा चिखल पुसून टाकावा. दुसरे म्हणजे, कडीजवळ किंवा उंबरठ्याशी एखादा टवका आधीच उडालेला असतो, तिथे नुसते डोळ्यांनी पाहून थर मोजावेत. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा, आणि सगळ्यांत खाली तेलाचा काळपट डाग. प्रत्येक थर कोणत्या होडीच्या वर्षाचा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून सांगता येईल. नवा रंग लावण्याआधी तेवढे विचारून वहीत टिपून ठेवावे, आणि रंग कोणी निवडला तेही लिहावे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)