पालवणकर बंधू

बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदू संघाकडून खेळलेले चर्मकार समाजातील चार क्रिकेटपटू भाऊ. खेळाच्या मैदानावरील अस्पृश्यतेशी त्यांनी दिलेली झुंज मोठी, पण दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

थोरले बाळू (१८७६–१९५५) डावखुरे फिरकी गोलंदाज. तरुणपणी पुण्याच्या युरोपियन क्लबात ते महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखत, जाळी बांधत आणि गोऱ्या सभासदांना, विशेषतः जे. जी. ग्रेग यांना, सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. फलंदाजीची पाळी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. युरोपियनांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाला पुढे त्यांची गरज भासली. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण खेळाडूंना चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. ही वागणूक देणारे त्यांच्याच संघातले सहकारी होते, हे विसरता येत नाही.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. भारतीय संघाच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. गोलंदाजाच्या बळींची कदर होई, पण सवर्णांनी त्याच्या हुकमात खेळावे हे निवड समितीला मानवत नव्हते. १९२० मध्ये धर्मानुसार संघ असलेल्या चौरंगी स्पर्धेत विठ्ठल यांना डावलून सवर्ण खेळाडू दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व दिले गेले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. लोकमताच्या रेट्यामुळे अंतिम सामन्यासाठी दोघे परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. त्यांच्या संघाने युरोपियनांना नमवून ही स्पर्धा जिंकली.

बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध लढले व पराभूत झाले.

विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडाजीवन’ (१९४८) हे आत्मकथन या इतिहासाचे महत्त्वाचे साधन असून इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात त्याचा उपयोग केला आहे.