तांब्यावरच्या रेषा आणि तेरा वर्षांचा फनकार

छापखाना म्हटले की आपल्याला पुस्तक आठवते. पण पंधराव्या-सोळाव्या शतकातील युरोपात छापखान्याने चित्रेही दूरदूर पोहोचवली. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर कारागीर पोलादी कोरणीने रेषा कोरी. त्या रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळाखालून दाबून काढायचा. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१-१५२८) हा या कलेचा उस्ताद. त्याने बायबलमधील कित्येक प्रसंग असे कोरले.

हे कागद हिंदुस्थानात आले ते गोव्यामार्गे. अकबराच्या निमंत्रणावरून १५७९ साली जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले आणि १५८० साली फतेहपूर सीक्रीला पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातील बहुभाषी बायबल नजर केले. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामाईक, सिरियाक अशा भाषांतील हा ग्रंथ सचित्र होता. अकबराने त्याचे खंड अदबीने डोक्याला लावले, असे त्या पाद्र्यांपैकी मोन्सेरात याने लिहून ठेवले आहे.

मुघल चित्रशाळेने ही चित्रे नुसती पाहिली नाहीत, ती गिरवली. केशवदास या हिंदू चितेऱ्याने संत मॅथ्यू आणि फरिश्त्याचे चित्र एका फ्लेमिश छापचित्रावरून रंगवले. अबुल हसन या मुस्लिम मुलाने १६०० साली ड्यूररच्या १५११ च्या छापचित्रातील संत जॉनची आकृती रेखाटली. त्या वेळी आपले वय तेरा असल्याची नोंद त्या रेखाटनावरच आहे. ते आज ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे.

मूळ चित्रात हजरत ईसा (अ.) सुळावर आहेत आणि जॉन शेजारी हात गुंफून उभा आहे. सुळाच्या घटनेविषयी आपली श्रद्धा वेगळी आहे, हे वाचकांना सांगायला नकोच. अबुल हसनच्या कागदावर सूळ नाही. आहे ती फक्त शोकात बुडालेली माणसाची आकृती. दुसऱ्याच्या धर्मातले चित्र समोर ठेवून शिकताना त्याने माणसाचे दुःख उचलले.

त्या बायबलच्या एका मुखपृष्ठावर सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकत्र दाखवले होते. पुढे जहांगीरने ज्याला 'नादिर-उज-जमान' हा किताब दिला, त्या अबुल हसनने जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास यांची गळाभेट रंगवली, तेव्हा त्यांच्या पायांखाली सिंह आणि कोकरू निजलेले दाखवले. उसनी घेतलेली कल्पना आता मुघल दरबाराची झाली होती.

आम्ही उर्दू माध्यमाच्या वर्गात शिकवतो तेव्हा अबुल हसनच्याच वयाची मुले समोर असतात. 'हे आपले, ते परक्यांचे' ही वाटणी त्यांच्या कानावर रोज पडते. तसबिरीच्या जायज-नाजायजपणाचा प्रश्न उलेमांचा आहे, तो आम्ही येथे सोडवणार नाही. पण इतिहास सांगताना एवढे सांगणे आमचे कर्तव्य आहे की, परक्याची कला अभ्यासल्याने त्या मुलाची ओळख पुसली गेली नाही. उलट ती ठळक झाली. त्याचे नाव आज चारशे वर्षांनंतरही आपण घेतो.