शकुंतलेचे इंजिन, बाराव्या हिश्श्यात

आपल्या काटोलातून ब्रॉडगेज जाते. तरीही निवृत्तीनंतर वाफेचे इंजिन पहिल्या रिव्हेटपासून हाताने घडवायचे ठरवले, तेव्हा मी नॅरोगेजची शकुंतला निवडली. आजोळ दारव्ह्याचे, एवढे कारण पुरेसे होते.

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही लाइन किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा, यासाठी ती घातली. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीचीच राहिली! इंजिनही मँचेस्टरचेच: बांधणी १९२१ ची, सेवेत १९२३ पासून. सत्तर वर्षे ते धावले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल आले.

रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. हे एक माप पक्के धरून बाहेरची बाकीची मापे मी फोटोंवरून काढली. त्याचा बारावा भाग ६३.५, म्हणजे बरोबर अडीच इंच. आता गंमत पाहा. इतक्या लहान इंजिनात कोळसा जाळून माणूस ओढता येईल का, यावर १९२० च्या दशकात लंडनच्या हौशी कारागिरांत कडाक्याचा वाद झाला होता. 'एलबीएससी' या नावाने लिहिणाऱ्या लॉरेन्सने आपल्या अडीच इंची 'आयेशा'मागे माणसे बसवून ते करून दाखवले.

अडचण भूमितीची आहे. लांबी बाराव्या हिश्श्यावर आली की पृष्ठफळ १४४ पट आणि घनफळ १७२८ पट कमी होते. म्हणजे पाण्याच्या मानाने पत्रा बारा पट जास्त, आणि उष्णता भराभर निसटते. म्हणून बॉयलरच्या नळ्या हुबेहूब बारीक करून चालत नाही. त्या संख्येने कमी आणि मापाच्या मानाने जाड ठेवाव्या लागतात. बॉयलर तांब्याचा, सांधे चांदीच्या डागाचे. त्याची चाचणी हवेने नव्हे, पाण्याने घ्यायची, कामाच्या दुप्पट दाबावर. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सांधा उकलला तरी नुसती धार उडते, स्फोट होत नाही. (विज्ञानाच्या सरांनी हे बादली आणि पिचकारी घेऊन शिकवले होते, आठवते?)

बॉयलर झाला, चाके झाली. अडली आहे ती कॅब. कोणता कॉक ड्रायव्हरच्या हाताशी होता, फायरमन कुठे उभा राहून कोळसा टाकायचा, हे बाहेरच्या फोटोंत दिसत नाही. ज्यांच्या हातांना ते ठाऊक, ती माणसे आता बहुतेक सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्यापैकी कोणी १९९४ पूर्वी यवतमाळ-अचलपूरकडे नोकरीला असाल, कोणाकडे कॅबच्या आतला फोटो असेल किंवा जुन्या फायरमनशी ओळख असेल, तर संमेलनात मला गाठा. मी फूटपट्टी घेऊनच येणार आहे.