कोडखंड-मापन : संगणक-रचना सिम्युलेटरमधील

प्रोसेसर, त्याच्या लगतची छोटी पण वेगवान स्मृती (कॅशे) आणि मुख्य स्मृती यांचे वर्तन घड्याळाच्या ठोक्यागणिक वठवणाऱ्या सॉफ्टवेअरला संगणक-रचना सिम्युलेटर म्हणतात. त्यात चालणाऱ्या प्रोग्रॅममधले एखादे लूप किंवा फंक्शन एवढेच वेगळे धरून त्याला किती ठोके लागले, हवी ती माहिती कॅशेत किती वेळा सापडली नाही आणि पुढच्या वाटेचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज किती वेळा चुकला, हे मोजणे म्हणजे कोडखंड-मापन होय.

संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा जेम-फाइव्ह हा सिम्युलेटर मिशिगन विद्यापीठातील एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिन विद्यापीठातील जेम्स हे दोन प्रकल्प एकत्र येऊन २०११ च्या सुमारास आकाराला आला. तो खुला व विनामूल्य असल्याने, चिप घडवून पाहण्याचा खर्च आवाक्याबाहेर असला तरी सांगलीच्या वालचंद (स्थापना १९४७) किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील (१९६०) विद्यार्थ्याला साध्या संगणकावर नव्या कॅशेची कल्पना तपासून पाहता येते. किंमत मोजावी लागते ती वेळेच्या रूपात. तपशीलवार मॉडेल सेकंदाला २ लाख आज्ञा पार पाडते असे धरले, तर खऱ्या यंत्रावर सेकंदभरात उरकणाऱ्या ३०० कोटी आज्ञांना १५,००० सेकंद, म्हणजे चार तासांहून अधिक लागतात. म्हणूनच प्रारंभीची तयारी ढोबळ पण जलद मॉडेलवर उरकून नेमक्या तुकड्यापाशी तपशीलवार मॉडेलवर येण्याची पद्धत आहे.

तुकड्याच्या दोन्ही टोकांना खास आज्ञा पेरल्या जातात : पहिली सारे गणक शून्यावर आणते, दुसरी त्यांतील आकडे फाइलीत उतरवते. साखर कारखान्यात भरलेली गाडी आणि मग रिकामी गाडी काट्यावर घेऊन फरकाने उसाचे वजन ठरते, तसेच येथे दोन खुणांमध्ये काहीही न ठेवता एक कोरे मापन घेऊन ते वजा करण्याची प्रथा आहे. मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. आज्ञा क्रम मोडून पार पाडणाऱ्या मॉडेलमध्ये जुन्या आज्ञा संपण्याआधीच नव्या आत येतात, जणू मागच्या गाडीची चाके काट्यावरच असताना पुढची गाडी चढावी. जेम-फाइव्हच्या अशा मॉडेलच्या मूळ मांडणीत एका वेळी १९२ आज्ञा नोंदीत राहू शकतात, त्यामुळे वीस-पंचवीस आज्ञांच्या तुकड्याची हद्द नेमकी कुठे, हा प्रश्नच निसरडा होतो. लाखो आज्ञांच्या तुकड्यात ही संदिग्धता बुडून जाते, लहान तुकड्यात तीच मुख्य आकडा होऊन बसते.

दुसरा धोका कंपायलरचा. गती वाढवण्यासाठी तो आज्ञा वरखाली सरकवतो, प्रसंगी खुणेपलीकडेही नेतो. ते रोखण्यासाठी खुणेपाशी स्मृती बदलू शकते असे त्याला बजावावे लागते, आणि तरीही तयार झालेला यंत्रसंकेत डोळ्यांखालून घालणे हाच भरवशाचा उपाय ठरतो.

तुकडा हजार वेळा फिरवून सरासरी काढण्याचा मार्ग सोपा दिसतो, परंतु त्यातून कॅशे भरलेली व अंदाज पक्के झालेले असतानाचा वेग मिळतो. एकदाच चालणाऱ्या तुकड्याला लागणारा वेळ ही वेगळी राशी आहे आणि दोहोंची गल्लत वारंवार होते. याउलट, सारी मांडणी तीच ठेवून संपूर्ण सिम्युलेशन पुन्हा चालवण्याने सहसा काहीच हाती लागत नाही, कारण खऱ्या यंत्रात असतो तसा गोंगाट त्यात नसतो आणि तोच आकडा शेवटच्या अंकापर्यंत परत येतो. फरक पाहायचा असेल तर स्मृतीतील पत्ते थोडे सरकवून किंवा निविष्ट माहिती बदलून चाचणी घ्यावी लागते.

संपूर्ण प्रोग्रॅमचे प्रतिनिधित्व करणारे तुकडे हाताने न निवडता पुनरावृत्तीच्या साच्यांवरून शोधणारी सिमपॉइंट ही पद्धत २००२ मध्ये मांडली गेली. ती प्रोग्रॅमच्या एकूण वर्तनाचा अंदाज देते, एका विशिष्ट लूपचा हिशेब देत नाही.