बाहुली कुणापुढे ठेवायची?

सध्या मोबाईलवर मानसशास्त्राचा पूर आला आहे. न्यूनगंड घालवा, माइंडसेट बदला, कॉन्फिडन्स वाढवा. आपली पोरंही ही रील्स एकमेकांना पाठवतात. पाठवू देत. पण हा न्यूनगंड आला कुठून, हा प्रश्न त्या रील्समध्ये कधीच येत नाही. आईच्या पोटातून तर कुणी तो घेऊन येत नाही. हा प्रश्न एकदा नीट विचारला गेला होता. तो इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

केनेथ आणि मेमी क्लार्क हे अमेरिकेतलं कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडपं. 1940 च्या आसपास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, दोन तपकिरी, केसांचा रंग सोडला तर बाकी सगळं सारखं. खेळायला कोणती हवी? वाईट कोणती दिसते? तीनांतल्या साधारण दोघांनी खेळायला गोरी उचलली. निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुलीला वाईट ठरवलं. सगळ्यात शेवटी विचारलं, तुझ्यासारखी कोणती? आत्ताच जिला वाईट म्हटलं, तिच्याकडेच बोट दाखवायचं होतं. काही मुलं रडली, काही खोलीतून पळून गेली.

17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात सरकारी शाळांतला वर्णभेद एकमताने घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाच्या एका तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा आधार आहे. वेगळं बसवल्याने लेकराच्या मनात आपण हलके आहोत ही भावना रुजते, हे न्यायालयाने मान्य केलं. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसणाऱ्या, शिपाई नसेल तर तहानलेल्या राहणाऱ्या भिवाला हे कुणी सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती. या दोन लढ्यांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. 1946 मध्ये बाबासाहेबांनी स्वतः डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं होतं.

आता या कथेतली अडचण. क्लार्क यांच्या प्रयोगात उत्तरेतल्या, गोऱ्यांसोबत एकाच शाळेत शिकणाऱ्या मुलांनीही गोरीच बाहुली पसंत केली होती. म्हणजे बाक एक झाला तरी बाहेरचा समाज तोच होता. केनेथ क्लार्क यांची पुढे तक्रारही होती की वर्णद्वेष गोऱ्यांच्या मनालाही विकृत करतो, हा मुद्दा न्यायालयाने सोडून दिला. जखम तपासली. मारणाऱ्याला मात्र कुणी तपासलं नाही.

बाबासाहेबांनी ही चूक केली नाही. 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’त जात म्हणजे विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, असं ते म्हणतात. कुणाच्या मनाची? ते भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी, म्हणजे सवर्ण सुधारकांसाठी लिहिलेलं होतं. रोगाचं मूळ त्यांनी शास्त्रांवरच्या श्रद्धेत दाखवलं, आणि मंडळाने परिषदच रद्द केली! आपल्या माणसांच्या मनाकडे त्यांचं दुर्लक्ष होतं असंही नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली आणि तिथेच त्यांनी बायांना जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं, तसे दागिने घालणं सोडायला सांगितलं. दोन्ही कामं एकाच वेळी.

जातीची नुसती ओळख काय करते, हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांवर तपासलं. जात उघड केली नव्हती तेव्हा चक्रव्यूहाची कोडी सोडवण्यात दलित आणि सवर्ण मुलं जवळजवळ बरोबरीची ठरली. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुलं तीच, डोकीही तीच. बदललं होतं ते खोलीतलं वातावरण.

‘फँड्री’तला जब्या आठवा. बरेच जण म्हणतात, त्याला स्वतःची लाज वाटते. अरे, डुक्कर पकडताना तो लपतो ते शालूसमोर, टवाळी करणाऱ्या गर्दीसमोर! आरशासमोर नाही. म्हणून तर नागराज मंजुळेंनी शेवटचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावला. मानसशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर पेशंट खुर्चीत बसून तिकीट काढून सिनेमा बघत होता.

आमच्या वस्तीत मध्यंतरी एक संस्था मुलांसाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर घ्यायला आली होती. आत्मविश्वास, देहबोली, नजरेला नजर देणं वगैरे. चांगली माणसं होती, मुलंही रमली. निघताना मी त्यांच्या ताईंना विचारलं, असंच एखादं शिबिर गावातल्या वरच्या आळीतल्या मुलांसाठी घ्याल का? समोरच्याची जात न विचारता त्याच्याशी कसं बोलायचं, एवढ्याच विषयावर. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, तसं मॉड्यूल नाहीये आमच्याकडे.”